पहिल्या सीनमधला टँकर

दूध संघाचे चेअरमन अर्जुनराव दुष्काळावरच्या सिनेमाला पैसे घालणार होते, म्हणून मी शिरूर कासारला त्यांच्या ओसरीवर सकाळपासून पटकथेचा पहिलाच सीन पुन्हा पुन्हा लिहीत होतो. सीन साधा होता. गावात टँकर येतो आणि बाया घागरी घेऊन धावतात.

"आधी सत्कार दाखव," अर्जुनराव म्हणाले. "संचालक खुर्च्यांवर बसलेत, मी नारळ फोडतोय, मग पाणी."

"साहेब, तहानलेली माणसं नारळासाठी थांबतील का? कोणाला खरं वाटणार हे?"

"कावून न्हाई वाटणार? आन् संचालक रुसले, तर सिनेमा तूच काढ."

माझं डोकं फिरलं. कागद चुरगाळून मी तरातरा बाहेर आलो. फाटकासमोर भरलेला टँकर उभा होता. बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या.

"पाणी का सोडत नाही?" मी टँकरवाल्या सटवाला विचारलं.

"साहेबांनी नारळ फोडल्याबिगर पाइप सोडायचा न्हाई," तो वैतागून म्हणाला. "आन् साहेब सकाळधरनं कुण्या लेखकासंगं बसलेत."

मी आत गेलो, चुरगाळलेला कागद मांडीवर सरळ केला आणि मुकाट्यानं सत्कार लिहून दिला.