पराटीच्या तासी

"मावशी, एक इचारू? राग नका मानू," आचल म्हणाली, आणि जमुनाबाईंची खंजेरी हवेतच थांबली.

तालीम रंगात आली असताना कोणी मध्ये बोललेलं जमुनाबाईंना मुळीच खपत नसे. धामणगावच्या समाजमंदिरात दुपारची कामं आटोपून जमणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. पण आचल म्हणजे भजनी मंडळातल्या सुभद्राची धाकटी सून, तालमीला अगदी नवी.

"इचार. आता थांबवलंच हाय तं."

"'पराटीच्या' म्हनताना आपन मधातच काहून थांबतो?"

"कोन थांबते?"

आचलने वाद घातला नाही. आदल्या दिवशीची तालीम तिने मोबाइलवर उतरवून घेतली होती, ती लावली. गाणं जमुनाबाईंचंच. 'देव निंदाले बसला, माह्या पराटीच्या तासी.' देव खुरपं घेऊन कपाशीच्या ओळीत निंदायला बसलाय, एवढंच सांगणारं. मोबाइलमधून आधी जमुनाबाईंचा आवाज आला: परा... टीच्या. मग मागून झील धरणाऱ्या सगळ्या बायका, अगदी एकदिलाने: परा... टीच्या. त्या शब्दाच्या मध्ये उंबरठा असावा, तशा सगळ्या तिथे ठेचकाळत होत्या.

बायका हसत सुटल्या. सुभद्रा तर पदरात तोंड घालून हसली. "जमुने, तू थांबते म्हनून आमी थांबतो वो. आमाले वाटलं, चालच तशी हाय."

जमुनाबाई हसल्या नाहीत. तिथे त्यांना दम लागत होता, दुसरं काही नाही. उभी हयात जिनिंगमध्ये गेली, रुईचा धुरळा छातीत बसला तो कायमचा. हे गाणंही तिथेच सुचलं होतं, यंत्रांच्या घरघरीत, आणि तेव्हा ते एका दमात म्हटलं जायचं. खंड कधी पडला आणि कधी चालीत जाऊन बसला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तो मात्र धडधाकट छातीच्या पोरीबाळी इमानेइतबारे शिकल्या. आपण यांना गाणं शिकवलं की दुखणं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अमरावतीची भजन स्पर्धा पंधरवड्यावर आली होती. जमुनाबाईंनी कंबर कसली.

"चाल सुचते घडीभरात," त्या नेहमी म्हणत, "पन बसवाले बूड टेकवा लागते." त्याप्रमाणे त्यांनी बायकांना बूड टेकवायला लावलं. रोज तोच एक शब्द. घरी पोळ्या लाटताना 'पराटीच्या, पराटीच्या' ऐकून एकीच्या नवऱ्याने हात जोडले म्हणतात. हळूहळू बायकांचा खंड गेला. जमुनाबाईंचा काही जाईना. ओळ पुढे म्हणायची ती त्यांनीच, आणि त्या तुटल्या की मागची सगळी झील पटकन तुटे. एकदा हट्टाने एका दमात म्हणायला गेल्या, तर असा खोकला उसळला की सुभद्राला पाठ चोळावी लागली.

"राहू दे ना तसंच," सुभद्रा म्हणाली. "कोनाले समजते?"

"मले समजते."

खोकला ओसरल्यावर त्यांनी खंजेरी आचलच्या मांडीवर ठेवली. "पुढं तू म्हन. मी मांगं झील धरतो."

आचलचा चेहरा उतरला. "मावशी, मी त्याच्यासाठी नोतं म्हटलं."

"मले ठावूक हाय. म्हन."

मंडळ उभं केल्यापासून पुढची ओळ त्यांनी कोणाला दिली नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी चूल पेटवली नाही, चहावरच भागवलं. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगा.

अमरावतीला मंचावर आचल मधोमध बसली आणि जमुनाबाई मागच्या ओळीत, सुभद्राशेजारी. तो शब्द आला की नुसते ओठ हलवायचे, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आपल्यापायी कोणाचं बिघडायला नको. आचलने ओळ उचलली, स्वच्छ, अखंड, आणि झीलही तशीच आली. जमुनाबाईंचे डोळे भरून आले. आपली चाल इतकी चांगली आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. त्या ओठ हलवत राहिल्या.

शेवटचं आवर्तन सगळ्यांनी मिळून म्हणायचं होतं. लय चढली. बायकांना इशारा द्यायला आचलने मागे वळून पाहिलं, तेव्हा तिला जमुनाबाईंचे ते मुके ओठ दिसले. ती समोर वळली. 'देव निंदाले बसला, माह्या परा', आणि तिने खंजेरीवर तळहात दाबून धरला.

सगळ्या थांबल्या. वर्षानुवर्षं शिकलेलं विसरायला पंधरवडा कुठे पुरतो? त्या शांततेत एकच आवाज होता, जमुनाबाईंच्या श्वासाचा. कोणी घाई केली नाही. तो पुरता आत गेला, आणि मग सगळ्यांनी मिळून, जमुनाबाईंनीसुद्धा, 'टीच्या तासी' म्हटलं.

नंबर काही आला नाही. शेवटी गाणं अडखळलं, असं परीक्षकबाई म्हणाल्या, आणि ते रास्तच होतं.

परतताना एसटीत जमुनाबाई खिडकीशी बसल्या होत्या. बडनेरा मागे पडलं तशा त्या शेजारच्या आचलकडे वळल्या.

"चाल बिघडवली तुनं."

"हो, मावशी."

"एवढी मेहनत मातीत घातली."

"हो." आचलने पिशवीतून खंजेरी काढून त्यांच्यापुढे धरली. "घ्या. तुमची हाय."

जमुनाबाईंनी ती हातात घेतली. थापा पडून पडून कातडं जिथे काळं झालं होतं, तिथून अंगठा फिरवला. मग खंजेरी परत आचलच्या मांडीवर ठेवली.

"राहू दे तुह्याकडंच. एक नवं गानं घोळून रायलं माह्या डोक्यात. मी सांगतो, तू म्हन."

त्या खिडकीकडे वळून गुणगुणू लागल्या. अजून शब्द नव्हते. आचल मांडीवरच्या खंजेरीवर एका बोटाने हलकेच ठेका धरत होती. मध्ये दम लागला की जमुनाबाई थांबत, आणि तेवढा वेळ आचलचं बोटही थांबून राही.