कृष्णवेणीअम्मांची मडी

मी चार महिने एका म्हाताऱ्या बाईला हात लावला नाही, आणि त्याबद्दल स्वतःला फार समजूतदार मानत होते.

चेन्नईत, मैलापुरात, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कृष्णवेणीअम्मा राहतात. वय चौऱ्याऐंशी. तंजावरकडचं मराठी घर, म्हणजे कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहूनही चुलीपाशी मराठीच बोलणारं. मी साताऱ्याची. माझे यजमान अनंतराव चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही इथे वरच्या मजल्यावर घर घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात अम्मांनी माझं मराठी ऐकून विचारलं होतं की हें असलें कुठें शिकलीस. तेव्हापासून आमची मैत्री.

आपण ज्याला सोवळं म्हणतो त्याला त्यांच्या घरात मडी म्हणतात. आंघोळ करायची, कोणी न शिवलेली, उंच काठीवर वाळवलेली नऊवारी नेसायची, आणि जेवण होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही, कोणाच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मी रोज सकाळी देवळाजवळून फुलं आणायचे आणि त्यातली मूठभर अम्मांच्या मागच्या खिडकीत, गजांच्या आत ठेवायचे. ठेवून दोन पावलं मागे सरायचं, मग त्या उचलणार. मी वेंधळी, सरायला विसरायचे. मग आतून "सरक गे" असं ऐकू यायचं. मला ते फार आवडायचं. आमच्या घरातलं सोवळं आजेसासूबरोबर संपलं होतं, आणि जे आपल्याला जमत नाही त्याचं कौतुक करायला काही मोल पडत नाही.

फेब्रुवारीत अम्मा न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण चालणं जवळजवळ थांबलं. त्यांचा मुलगा सुधींद्र, बावन्न वर्षांचा, लग्न न केलेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, एका कंपनीत आहे. सकाळी आठला जातो, रात्री आठला येतो. त्याने सगळ्यांना सांगितलं की अम्माने आता मडी फार कडक केली आहे, एकदाच जेवते, दिवसभर पाणीही घेत नाही, कोणाला आत येऊ देत नाही. इमारतीतल्या लोकांनी हे ऐकून हात जोडले. मीही जोडले. खिडकीतून अम्मा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या दिसायच्या आणि मला वाटायचं, जप चालला असेल. मी साताऱ्याला बहिणीला फोन करून सांगितलं की या वयात काय ही निष्ठा. माझ्या थोबाडीत कोणी मारायला हवी होती.

सुधींद्रबद्दल एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी अनंतरावांच्या छातीत कळ आली, तेव्हा हाच भर दुपारी मीटिंग सोडून आला, गाडी काढली, आणि ऑपरेशन होईपर्यंत माझ्याशेजारी बाकावर बसून राहिला. मी त्याला "तू" म्हणते, तो मला "अक्का" म्हणतो. त्याच्याबद्दल वाईट विचार मनात येणं ही मला माझीच नालायकी वाटली असती.

मे महिन्यात मी गच्चीवर सांडगे घालायला गेले. कोपऱ्यात दोन दोरांनी टांगलेली अम्मांची मडीची काठी आहे. तिच्यावर रोज नऊवारी वाळत असायची आणि आम्ही सगळे तिला धक्का लागू नये म्हणून वाकून जायचो. त्या दिवशी मी सवयीने वाकले, आणि वाकल्यावर लक्षात आलं की वर काहीच नाही. काठीला कोळ्याचं जाळं होतं, त्यात वाळलेली पानं अडकलेली. एका दिवसात असं जाळं होत नाही. मी कधीपासून रिकाम्या काठीखालून वाकून जात होते देव जाणे.

हातात पिठाचं भांडं घेऊन मी उभी राहिले. रोजची साडी नाही, तर मडी कसली? जी बाई स्वतः उठून न्हाणीपर्यंत जाऊ शकत नाही, ती मडी करते कशी? एवढा साधा प्रश्न चार महिन्यांत आमच्या पंचवीस-तीस माणसांपैकी एकालाही पडला नव्हता. आम्हाला मडी कळत होती ना, म्हणूनच.

तशीच खाली उतरले. सुधींद्र ऑफिसला गेला होता, दाराला बाहेरून कुलूप. मागच्या खिडकीशी गेले आणि आज पहिल्यांदा पडदा पूर्ण बाजूला सारला. आधी वास आला. मग अम्मा दिसल्या. अंगात मळकी मॅक्सी, ओठांना भेगा. डाव्या मनगटाला वेष्टीची, म्हणजे धोतराची, पट्टी बांधलेली, तिचं दुसरं टोक पलंगाच्या दांडीला. पट्टीखाली कातडी काळीनिळी झाली होती. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि मला वाटलं आता म्हणतील सरक.

मी गजांतून हात घातला आणि विचारलं, "अम्मा, शिवू का?"

त्यांचा मोकळा होता तो हात वर आला आणि माझी बोटं धरली. किती घट्ट धरली सांगू. मी तिथेच रडले, आणि त्या मात्र माझ्याकडे शांतपणे बघत होत्या.

तांब्या गजांतून जाईना, म्हणून वाटी-चमचा आणून मी पाणी पाजलं. चौथ्या चमच्याला त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं घ्या अजून. तेव्हा त्या बोलल्या.

"पोदुम, पुरे. पाणी प्यालें तर अंथरूण ओलें होतें. ओलें झालें तर तो रडतो."

मारतो नाही, ओरडतो नाही, रडतो. आणि पट्टी? पडूं नये म्हणून, असं त्या म्हणाल्या. आणि म्हणाल्या, कुणाला सांगूं नको, माझें लेंकरूं वाईट नाहीं.

दुपारी अनंतरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याआधी त्या मुलाशी एकदा बोल, त्याचे आपल्यावर उपकार आहेत. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी जिन्यात सुधींद्रला गाठलं. म्हटलं दिवसभरासाठी बाई ठेव, नाहीतर मी येऊन बसते, किल्ली दे. त्याचा चेहरा दमलेला होता, डोळ्यांखाली काळं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "अक्का, आमच्या घरची मडी तुम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना कळायची नाही."

मी त्याला म्हटलं की काठीवर जाळं झालं आहे. तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन गेले तर खिडकी बंद होती. मे महिन्यातल्या चेन्नईत, पंखा असला तरी, बंद खिडकीची खोली म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी काचेवर टकटक केली. आतून काहीतरी आवाज आला, शब्द नव्हता तो. फुलं हातातच राहिली. अनंतराव जिन्यात उभे होते. मी त्यांना म्हटलं, तुमच्या छातीचं देणं मी नंतर फेडीन, आधी फोन करू द्या.

ज्येष्ठांची हेल्पलाइन असते, १४५६७. माझं तमिळ भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं आहे. पलीकडची मुलगी एकेक प्रश्न हळू विचारत होती. वय काय, आत्ता एकट्या आहेत का, दार बंद आहे का, शेवटचं पाणी कधी, अंगावर खुणा आहेत का. मी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. तिनेच तसं बजावलं होतं, की तुम्हाला काय वाटतं ते नंतर, आधी काय दिसलं ते सांगा. माझं नाव कोणाला कळणार नाही असंही ती म्हणाली. शेवटी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी वरच्या मजल्यावरची, असं म्हटलं, आणि ते फार कमी वाटलं मला.

दोन तासांत भानुमती नावाच्या अधिकारी बाई आल्या, बरोबर एक महिला पोलीस. त्यांनीच सुधींद्रला फोन केला. तो पेरुंगुडीहून आला, घामाने निथळलेला. कुलूप उघडताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. नाव गुप्त राहणार होतं, पण फुलं अजून माझ्या हातात होती, आणि तसंही मला लपायचं नव्हतं.

खोलीत शिरल्या शिरल्या भानुमतींनी खिडकी उघडली. मनगटाची पट्टी सोडली. मग पलंगाशी गुडघ्यांवर बसून त्यांनी अम्मांना तमिळमध्ये विचारलं की तुम्हाला इथे कोणी त्रास देतं का. अम्मांनी मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खणखणीत तमिळमध्ये सांगितलं की मला कसला त्रास. मी मडीत आहे. एकभुक्त राहते, पाणी घेत नाही. माझ्याच मर्जीने. माझ्या मुलाला काही विचारू नका.

महिला पोलिसाने भानुमतींकडे बघितलं. सज्ञान, शुद्धीवरची बाई स्वतःच्या तोंडाने म्हणते आहे की मर्जीने, तर पुढे काय करायचं? आणि हे लोक निघून गेले की ती खिडकी पुन्हा बंद होणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, ही मडी नाही. अम्मा मला म्हणाल्या, "तूं गप." इतक्या वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या.

भानुमतींनी कोणाशीच वाद घातला नाही. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी आपली प्लॅस्टिकची पाण्याची बाटली काढली. उष्टी, अर्धी संपलेली, बसमध्ये तोंड लावून प्यायलेली असेल. झाकण काढून ती अम्मांच्या तोंडापाशी धरली, आणि म्हणाल्या, नको असेल तर घेऊ नका.

अम्मांनी मान फिरवली. मग त्यांचा हात आपोआप वर आला. त्यांनी बाटली धरली, तोंडाला लावली आणि प्यायल्या. हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी सांडत होतं आणि त्या पीत होत्या, श्वास घ्यायलाही न थांबता. ज्या बाईने सख्ख्या बहिणीच्या हातचं पाणी कधी सोवळ्यात घेतलं नाही, ती एका अनोळखी बाईची उष्टी बाटली दोन्ही हातांनी धरून रिकामी करत होती. बाटली संपल्यावरही त्यांनी ती तोंडापासून काढली नाही.

सुधींद्र भिंतीला टेकून खाली बसला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसत तो तमिळमध्ये म्हणाला की सकाळी एक भांडं पाणी देतो आणि रात्री एक, मधे देत नाही, कारण ओलं झालं तर बदलायला कोणी नसतं. तीन बायका ठेवल्या, तिन्ही सोडून गेल्या. मग मडी म्हणून सांगायला लागलो, कारण मडी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

भानुमतींनी वही उघडली. अम्मा घाईघाईने म्हणाल्या की हे लिहू नका.

"लिहूं दे, अम्मा," सुधींद्र मराठीत म्हणाला. "मला नाहीं जमलें."

अँब्युलन्समध्ये मी बरोबर गेले. सरकारी रुग्णालयात बायकांच्या वॉर्डात त्यांना सलाइन लावलं. पाठीवर दोन जखमा निघाल्या, एक बरीच खोल. डॉक्टरीण म्हणाली अजून आठवडाभर उशीर झाला असता तर या उन्हाळ्यात त्या राहिल्या नसत्या. भानुमती सुधींद्रशी दोनदा बोलल्या. दिवसभराची बाई त्या मिळवून देणार, घराची एक किल्ली आमच्याकडे राहणार, दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडचं कोणीतरी आधी न कळवता येऊन बघणार. तरीही जमलं नाही तर दुसरी व्यवस्था, आणि पोलिसांची नोंद आहेच. त्याने सगळ्यावर सही केली. माझ्याशी तो बोलला नाही. रोज संध्याकाळी यायचा, आईच्या पायाशी बसायचा, जायचा.

अम्माही माझ्याशी बोलत नव्हत्या. मी रोज सकाळी जायचे, केस विंचरायचे, पेज भरवायचे. त्या तोंड उघडायच्या, गिळायच्या, पण नजर छताला. नर्सकडे मात्र दर तासाला पाणी मागायच्या, हक्काने. मला त्याचंच समाधान होतं, निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

सातव्या दिवशी मला राहवलं नाही. पेजेची वाटी खाली ठेवून विचारलं, "अम्मा, माझा राग आलाय?"

"आला," त्या म्हणाल्या. मग नजर खाली आली, माझ्या तोंडावर. "तूं सांगितलेंस म्हणून मी जिवंत आहें, तें कळतें मला. पण त्याला त्या बायांपुढें जमिनीवर बसलेला पाहिला मी."

मी पेजेची वाटी पुन्हा उचलली.

"घरीं जाशील तर दार वाजव त्याचें," त्या म्हणाल्या. "जेवला का विचार."

त्या संध्याकाळी मी तळमजल्यावरचं दार वाजवलं. सुधींद्रने उघडलं. आत दिवा लावलेला नव्हता. मी विचारलं, अम्मांनी विचारलंय, जेवलास का.

तो दारातच उभा राहिला, लहान मुलासारखी मान हलवली. नव्हता जेवला. मी आत जाऊन दिवा लावला आणि भात लावायला डबा शोधू लागले.