बाबांचा रुमाल

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि आमचे हे सगळ्यांत पुढे. स्पर्शबाबांनी आधी यांच्या हातात पांढरा रुमाल दिला. "घाम पुसा, अहंकार पुसा," ते म्हणाले. मग चेल्याने यांच्या बोटाला सुई टोचली. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला तीनशे ऐंशी. गर्दी हळहळली. बाबांनी बोटांवर कृपाजल ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या थेंबाला आकडा एकशे तीस.

"साखर गेली. गोळ्या बंद. आणि पुन्हा मोजायचं नाही. मोजणं म्हणजे संशय. संशय आला की कृपा गेली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे चुळबुळत उभी होते. काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडेना.

आमचं शिवणकामाचं दुकान. हे कोट शिवतात, मी काजं-बटणं आणि इस्त्री बघते. त्या दर्शनानंतर तीन-चार महिन्यांनी एक दिवस मशीनच्या पायट्यावर मला रक्त दिसलं. यांच्या तळव्यात टाचणी अर्धी रुतली होती आणि हे मजेत शीळ घालत बाही जोडत होते.

"अहो, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

यांची धाकटी बहीण डॉक्टर आहे, तिला बोलावलं. तिने जखम बांधली, रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल घेऊन स्वतःच आली.

"दादा, तुझ्या रक्तातल्या लाल पेशी तीनेक महिने जगतात. साखर वाढली की ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. म्हणून ही चाचणी एका दिवसाची नाही, तीन महिन्यांची हकिगत सांगते. सातच्या आत हवा तो आकडा अकरा आलाय."

"आला तर आला. मला काही होत नाही."

"होतंय, पण साखरेने पायाच्या नसा बधिर केल्यात म्हणून कळत नाहीये. कोटाला असतं तसं रक्तवाहिनीलाही आतून पेशींचं अस्तर असतं. वाढलेली साखर आणि ते साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या अस्तराला त्रास देतात. मग वाहिनी नीट सैल होत नाही, पायापर्यंत रक्त पोचत नाही, जखम भरत नाही. असंच चाललं तर पाय कापावा लागेल."

तरी यांचा हट्ट सुटेना. "त्या दिवशी सगळ्यांसमोर साखर उतरली. ते खोटं होतं का?"

मी चरफडत दुकानात आले. हाताला चाळा हवा म्हणून इस्त्री तापवली आणि दुरुस्तीच्या ढिगातलं पहिलं कापड ओढलं. बाबांचा रुमाल होता. त्याची दुमड उसवलेली बघून यांना राहवलं नव्हतं, टीप मारायला खिशात घालून आणला होता आणि मग विसरले. कडक होता, म्हटलं खळ असेल. इस्त्री फिरवली तर ती चिकटली, कापडावर तपकिरी डाग उठला आणि खोलीभर जळक्या साखरेचा वास सुटला.

पुढच्या दर्शनाला आम्ही तिघं गेलो. नणंद पुढे झाली. "मला मधुमेह नाही," म्हणत तिने बाबांच्या रुमालाने हात पुसले. यंत्र म्हणालं चारशे दहा. कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुऊन आली, तर पंच्याण्णव.

"तुझ्या मनात संशय आहे, बेटी," बाबा म्हणाले.

"संशय मनात आहे. साखर रुमालात आहे. ग्लुकोजच्या पाण्यात बुडवून वाळवलेत. पहिला आकडा रुमालाचा, दुसरा रक्ताचा. दादाचा एकशे तीस आला तो तेव्हा चालू असलेल्या गोळ्यांमुळे. त्याच तुम्ही बंद करायला लावल्यात."

हे उठले, लंगडत नळाशी गेले, साबणाने हात धुतले आणि बहिणीपुढे बोट धरलं. तीनशे वीस.

"गोळ्या कुठे ठेवल्यास?" यांनी मला विचारलं.

टाकून दिल्या होत्या, त्यांनीच. वाटेत नव्या घेतल्या.

जखम अजून भरलेली नाही. रोज सकाळी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बघते तेव्हा जीव थाऱ्यावर नसतो. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: बोट पुढे करण्याआधी हात धुवा. आणि पुन्हा मोजू नका असं जो सांगेल, त्याच्यासमोरच पुन्हा मोजा.