हरण्याच्या घरात बारकी

जनावराचं मला कळतं, हे मी माझ्या तोंडानं सांगत न्हाय, सगळं पणदरं गाव सांगतं. कुणाच्या म्हशीचं रेडकू मेलं आन् म्हैस दूध चोरायला लागली, की सावळारामला बोलवा. दुसरं रेडकू आणायचं, मेलेल्याच्या खालची पोती चार दिवस त्याच्या अंगावर टाकायची, पाठीवर गूळ-मीठ चोळायचं. म्हैस आधी शिंगं दाखवती, मग हुंगती, मग चाटती. एकदा चाटलं की ती त्याची आई झाली. आजवर माझी एक म्हैस चुकली न्हाय. त्याच घमेंडीत मी फसलो.

माझी थोरली बहीण बनाक्का निमगाव केतकीला एकटी ऱ्हायची. मेव्हणं जाऊन धा वर्षं झाली, पोरगा सुयोग पुण्याला नोकरीला. भादव्यात अक्का न्हाणीत घसरून पडली आन् खुब्याचं हाड मोडलं. इंदापुरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणलं, आता एकटं ऱ्हायचं न्हाय. सुयोग म्हणला, पुण्याला चल. चौथा मजला, दोघं नवरा-बायको दिवसभर कामाला. "तितं मी भिंतीशी बोलू का?" अक्का म्हणली. मग मी फोन केला, माझ्याकडं ये म्हणलं. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली, पोरगी फलटणला दिलेली. घरात मी, तीन म्हशी आन् हरण्या.

"बारकी येणार माझ्यासंगं," अक्का म्हणली. "तिला सोडून मी कुठं जायची न्हाय."

बारकी म्हंजी तिचं मांजर. आन् हरण्या म्हंजी माझा कारवानी कुत्रा. लांब पाय, कंबर मुठीत मावंल येवढी. उसातलं रानडुक्कर हाकलायचं तर हरण्याच पायजे. पण डोळ्यापुढं काय पळताना दिसलं की त्याला ना नाव ऐकू येतं ना शिट्टी. शेजारच्या मोहनरावचं मांजर गेल्या साली त्यानंच मारलं. त्याच्या आधी अजून एक मारलं हुतं. ते कुणाचं, हे मला कळलं न्हाय आन् मी चौकशीबी केली न्हाय.

तरी मी फोनवर काय बोललो? "आण की. हरण्या मांजराला काय करत न्हाय."

खोटं बोलताना माणसाला जीभ अडखळावी का न्हाय? माझी अडखळली न्हाय. ती नको म्हणंल ह्या भ्यानं मी बोलून मोकळा झालो.

दसऱ्याच्या आधी सुयोगनं तिला गाडीनं आणून सोडलं. अक्का वॉकर धरून उतरली. बारकी टोमॅटोच्या क्रेटात, वर दुसरं क्रेट उलटं बांधलेलं. हरण्या साखळीला हुता. तो उठला, मान पुढं केली आन् तसाच थांबला. भुंकला न्हाय, शेपूट हालवली न्हाय.

अक्का त्याच्याकडं बघत ऱ्हायली. "सावळ्या, ह्यो भुंकत का न्हाय?"

"शहाणा हाय."

"भुंकणारं परवडलं," येवढंच म्हणली आन् आत गेली.

मग माझी इद्या सुरू झाली. बारकी अक्काच्या खोलीत, दार बंद. हरण्याच्या खालचं पोतं तिच्याकडं, तिची चिंधी हरण्याकडं. रोज बदलायचं. एके दिशी मी बारकीच्या पाठीवर गुळाचं पाणीबी चोळलं. हरण्यानं चाटायचं लांबच, त्या खोलीत मुंग्या झाल्या. बारकी दिवसभर अंग चाटत माझ्याकडं रागानं बघत हुती, आन् अक्का मला शिव्या देत हुती. "आरं मुडद्या, ती काय रेडकू हाय का?"

पण त्या दिसांत घराचं रूपच पालटलं. ओट्याजवळ खुर्ची टाकून अक्का भाकरी करायची. चार वर्षं मी पातेल्यातनंच उभ्या उभ्या खात हुतो, आता दोन ताटं मांडली जायला लागली. कोरड्यासात मीठ कमी पडलं तर भांडायला माणूस हुतं. डेअरीला दूध घालून मी येताना रेंगाळायचो, ते रेंगाळायचं बंद झालं. हे सांगायला मला लाज वाटत न्हाय. मला लई बरं वाटत हुतं.

अठरा दिवस झालं. आता हरण्या दाराच्या फटीला नाक लावून हुंगायचा आन् शेपूट हालवायचा. मी म्हणलं, झालं काम. एकोणिसाव्या दिशी सकाळी त्याची साखळी काढली.

"साखळी ऱ्हाऊ दे," अक्का म्हणली.

"अक्का, जनावरातलं तुला कळतं का मला?"

खोलीचं दार उघडलं. बारकी दबकत बाहेर आली आन् अंगणात बाजेच्या पायाला अंग घासत बसली. हरण्यानं तिला हुंगलं, जांभई दिली आन् खाली पडला. अक्काकडं मी असं बघितलं, जशी काय म्या गदाच जिंकली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला कुणाला तरी दाखवायचं हुतं, म्हणून मी भिंतीवरनं मोहनरावला हाक मारली. ज्याचं मांजर हरण्यानं मारलं, त्यालाच बोलावलं बघायला.

मोहनराव आलं, लोखंडी फाटक ढकललं, ते दुधाच्या रिकाम्या कॅनवर आदळलं. मोठा आवाज झाला आन् बारकी पळाली.

ती पळाली आन् हरण्या उठला, हे दोन वेगळं घडलंच न्हाय. मी हाक मारूस्तोवर त्यानं अर्धं अंगण मागं टाकलं हुतं. त्याच्या आन् मांजराच्या मधी, सोप्याच्या कट्ट्यापुढं, अक्का उभी हुती. तिनं वॉकर पुढं लोटला. हरण्या त्याच्यावर धडकला, अक्का मागं कट्ट्यावर बसली, आन् बारकी गोठ्याच्या पत्र्यावर चढली. हरण्याच्या तोंडात तिच्या शेपटीचं केस हुतं.

मोहनराव हळूच म्हणलं, "माझंबी असंच गेलं हुतं." आन् फाटक ओढून घेतलं आन् गेलं.

मी आधी अक्काकडं पळालो. ती धड हुती. मग मी काठी उचलली.

"ठेव ती खाली," अक्का म्हणली. "त्याला कशाला मारतोस? तो म्हैस न्हाय सावळ्या. म्हशीला रेडकू पायजेच असतं, ती पान्हा घिऊन उभी असती, म्हणून तुझ्या पोत्याला भुलती. ह्याला मांजर कधी पायजे हुतं? ते पळालं, ह्यो पळाला."

मी हरण्याला साखळी लावली. बारकी दुपारी खाली आली. अक्कानं तिला पदराखाली घेतलं आन् सुयोगला फोन लावला. "उद्या ये बाबा. मला घिऊन जा." मी तितंच हुतो.

मी गोठ्यात जाऊन बसलो. वैरण टाकायची ती टाकली, न्हाय ती बी टाकली. शेवटी उठून आत आलो. "अक्का, हरण्याला देऊन टाकतो. पिंपळीला एकाचा डाळिंबाचा बाग हाय, तो कवापासून मागतोय."

"नको. आज कुत्रं देशील, आन् पुढं जलमभर माझ्याकडं बघून तुला ते आठवंल."

"मग तू जाऊ नको."

 ती कपड्याच्या घड्या घालत ऱ्हायली.

"अक्का, मी फोनवर खोटं बोललो. त्यानं आधी मांजरं मारल्यात. तू यावीस म्हणून बोललो. मला एकट्याला जेवण जात न्हाय गं."

तिनं हातातलं लुगडं खाली ठेवलं. "मला ठाव हाय. मोहनरावच्या मांजराचं गेल्या दिवाळीला तूच मला सांगितलं हुतंस. इसरलास?"

मी म्हणलं, "मग ठाव असून का आलीस?"

"मला तरी कुठं जात हुतं जेवण?" ती म्हणली, आन् तिच्या डोळ्याला पाणी आलं. "आपली दोघांची हौस, आन् जीव टांगला कुणाचा, तर त्या वीतभर जनावराचा. दोघंबी लबाड हाय आपण."

मग मी बी रडलो. चौसष्ट वर्षांचा बाप्या, थोरल्या बहिणीपुढं रडलो.

जरा येळानं तीच म्हणली, "कालव्याचं पाणी दोघांच्या रानात एकदम सोडत्यात का?"

"न्हाय. पाळी असती."

"आन् पाळी का लावत्यात? माणसं वाईट असत्यात म्हणून?"

"न्हाय. पाणी बघितलं की कुणाला धीर निघत न्हाय म्हणून."

"मग हितं बी तसंच करू."

दुसऱ्या दिशी दुपारी सुयोग गाडी घिऊन आला, तवा मी आन् बारामतीचा वेल्डर सोप्यात जाळीचं दार बसवत हुतो. एक न्हाय, दोन, एकामागं एक. एक उघडं ऱ्हायलं तर दुसरं हाय. "मामा, ह्ये काय?" तो म्हणला. अक्कानं त्याला जेवायला वाढलं आन् किटली भरून दूध देऊन माघारी लावलं.

आता पाच महिनं झालं. सकाळी डेअरीला जाताना हरण्या माझ्यासंगं, तवा अंगण बारकीचं. आमी आलो की बारकी दोन दारांच्या आत आन् अंगण हरण्याचं. तो दारापाशी झोपतो, ती खिडकीत बसून त्याला बघती. गुण्यागोविंदानं नांदत्यात असं बघणाऱ्याला वाटतं. मला तसं वाटत न्हाय, आन् वाटू द्यायचं बी न्हाय. एकदा वाटून बघितलं.

मोहनराव परवा इचारत हुतं, "त्यांला सवय कधी व्हायची?"

"त्यांला न्हाय व्हायची," मी म्हणलं. "आमाला झाली."

जेवायला बसलं की अक्का रोज इचारती, "कडी लावली का?" आधी आधी मला राग यायचा. मी काय बारकं पोर हाय का? लावलेलीच असती. तरी मी उठतो, दोन्ही दारांना हात लावून येतो, मग पयला घास घेतो. गेल्या आठवड्यात तिला ताप हुता. ती न इचारताच ताटावर बसली आन् भाकरी कुस्करायला लागली. मी घास हातात धरून थांबलो. मला काय तो घास तोंडात घालवंना.

"काय झालं?" ती म्हणली.

"इचार की," मी म्हणलं.

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली, मग बारीक आवाजात म्हणली, "कडी लावली का रं सावळ्या?"

"लावली," मी म्हणलं, आन् उठून बघून आलो.