शेवटच्या बोटीचं प्रस्थान

रत्नागिरी बंदरावर तिकिटाच्या खिडकीत सात वर्षं काढली मी. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली, पण गोपाळकृष्णपंतांसारखा आडमुठा माणूस दुसरा नाही! मोठे बागायतदार. आमचा दादू तांडेल त्यांच्याच जागेत घर बांधून राहायचा.

त्या शुक्रवारी मोसमातली शेवटची बोट. मग पावसाळाभर बोटी बंद. बोट लांब खोल पाण्यात उभी, आणि माणसांना तिथवर नेणारा दादूचा शेवटचा पडाव धक्क्याला भरलेला. पंतांच्या ट्रंका दहालाच आत गेल्या होत्या, त्यांच्या बायको सावित्रीबाईही बसल्या होत्या. पंत मात्र धक्क्यावर छत्री टेकून उभे.

"राहूकाळ आहे, रावजी. बारापर्यंत मी पाऊल उचलणार नाही."

"पंत, साडेअकराला बोट सुटते!"

"थांबेल. पहिल्या वर्गाची तिकिटं काढलीत मी, फुकट नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडावात मथुरा बसली होती. गिरणीत तिच्या नवऱ्याला अपघात झालेला. 'अत्यवस्थ, ताबडतोब निघा', ही तार सकाळी मीच तिला वाचून दाखवली होती. घाटातून वळसा घालून जायला तिच्यापाशी ना पैसा, ना दिवस.

बोटीने पहिला भोंगा दिला.

"पंत, सामान दहाला चढलं, म्हणजे राहूकाळाआधी तुमचं प्रस्थान झालंच की. आता बसायला काय हरकत?"

"मला शास्त्र शिकवतोस? उतरव ट्रंका!"

ट्रंका उतरवायच्या म्हणजे अर्धा तास. मी ओरडलो, "दादू, दोर सोड!"

दादूने मान खाली घातली. "रावजीनु, माझी चार पोरं हायत. घरातून काढतील ते मला."

दुसरा भोंगा झाला. मथुरा रडत नव्हती, नुसती बोटीकडे बघत होती. मला तर ते बघवेना.

इतक्यात सावित्रीबाई उठून उभ्या राहिल्या. नवऱ्यासमोर मोठ्याने बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

"ट्रंकांचं राहू दे. मीच तुमचं प्रस्थान. दहाला घरातून निघालेय, आता मागे फिरले तर अपशकुन. तुम्ही सावकाश घाटातून या. दादू, सोड. तुझ्या घराचं मी बघते."

दादूने दोर सोडला.

पंतांनी छत्री धक्क्यावर आपटली. मग माझ्याकडे वळले. "तुझी नोकरी घालवली नाही तर नावाचा गोपाळकृष्ण नव्हे!"

घालवलीनच. पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा खिडकीत दुसराच कारकून होता.

दसऱ्याच्या सुमारास मथुरा विचारत विचारत माझ्या घरी आली. कपाळ मोकळं होतं.

"भेट झाली, भाऊ," ती म्हणाली. "रात्रभर बोलले माझ्याशी. पहाटे गेले."

मी तिला पाणी दिलं. नोकरी गेल्याचं काही मी तिला सांगितलं नाही.