सरकलेला भोवरा

मी कपाळावरची जाळी बोलतेय. दचकू नका. मला बघून आजवर कुणी दचकलेलं नाही, कारण मुळात मी दिसतच नाही आणि न दिसणं हेच माझं काम. धंद्यात मला लेस फ्रंटल म्हणतात. या कानापासून त्या कानापर्यंत कपाळाच्या वर बसणारी बारीक जाळी, आणि तिच्यात एकेक करून गाठवलेले खरे केस. माझ्या मागे टोपीवर शिवलेले लांब केस जोडले की अख्खं डोकं तयार होतं. पण मागचं कुणीही शिवेल. केस कपाळातून उगवल्यासारखे दिसतात ते माझ्यामुळे. मी स्वतःची जरा जास्तच स्तुती करते, पण मी किती हुबेहूब होते हे आधी सांगितलं नाही तर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

माझे केस कुणाचे, ते मला माहीत नाही. कुठल्याशा बायकांच्या कापलेल्या वेण्या एका खोक्यातून आल्या. एका वेणीला अजून साबणाचा वास होता. त्या बायकांनी वेण्या का कापल्या असतील, याचा विचार मी पूर्वी फार करायची, आता करत नाही.

मला घडवलं चिमटाताईने. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती, दोन खुर्च्या, एक खिडकी, खालून सतत येणारी इस्त्रीची वाफ. आपला चिमटा अंबाड्यात खोचायचा आणि मग तोच घरभर शोधत फिरायचं, हा तिचा रोजचा उद्योग, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. जीभ तिखट, हात मऊ. गिऱ्हाइकाला फाडकन बोलायची आणि लगेच चहा विचारायची.

तिच्याकडे मनी आली. मनी हे तिचं घरचं नाव, मी तेवढंच ऐकलंय. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवून बघायच्या आणि त्यांच्यापुढे आरसा धरायचा. कानामागे चाई पडल्याचं निमित्त झालं आणि बघता बघता डोक्यावरचे सगळे केस गेले. मलमं झाली, तेलं झाली, डॉक्टर झाले. घरी मात्र तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. आई दुसऱ्या गावी दादा-वहिनींकडे राहायची. फोनवर डोकं दिसत नाही. चुकून कधी जावं लागलंच तर मनी सर्दीचं निमित्त सांगून स्कार्फ गुंडाळून जायची आणि पाय लागतो न लागतो तोच परत निघायची.

चिमटाताईने तिच्यापुढे तयार माल मांडला. मनीला त्यातली दाट केसांची, कपाळावर सरळ रेघ असलेली एक पसंत पडली. चिमटाताईने ती तिच्या हातातून काढूनच घेतली. "पट्टीने आखल्यासारखे केस देवानेसुद्धा कुणाला दिलेले नाहीत. ही लावलीस तर रस्त्यापलीकडून ओळखतील." मग तिने जाळीचे तुकडे खिडकीपाशी नेऊन एकेक करून मनीच्या कपाळावर टेकवून पाहिले. दिव्याखाली सगळ्याच जाळ्या बऱ्या दिसतात आणि हातावर जुळवलेला जाळीचा रंग कपाळाला उपयोगी पडत नाही, हे तिचं पाठ झालेलं भाषण होतं. पुढचे केस विरळ हवेत, कडेला बारीक जावळ हवं, दोन्ही बाजू मुद्दाम थोड्या वेगळ्या हव्यात. मनी मुकाट्याने मान डोलावत होती. शेवटी तिने फोन काढून एक जुना फोटो दाखवला. हात लांब करून तिने स्वतःच काढलेला, केस मागे घेतलेला, हसरा. कपाळाच्या एका बाजूला केसांचा एक छोटा हट्टी भोवरा होता.

"बाकी कसंही चालेल," ती म्हणाली, "हा भोवरा मात्र हवा. आई भेटली की आधी जिभेला अंगठा लावते आणि हा खाली दाबते. लहानपणापासून. मग विचारते, जेवलीस का."

चिमटाताईने उठून चहा टाकला.

भोवरा करणं म्हणजे चेष्टा नाही. जाळीत केस अडकवायची आकडी सुईसारखी बारीक असते. प्रत्येक केस ज्या दिशेला गाठवाल त्या दिशेलाच जन्मभर पडतो. भोवऱ्याचे केस गोल फिरत गाठवावे लागतात आणि एकदा गाठवले की ते सरकवता येत नाहीत. चिमटाताईने फोटो समोर टेकवून मान मोडेपर्यंत काम केलं. मग गाठींचे काळे ठिपके उडवले, चिमट्याने कडेचे केस उपटून उपटून रेघ मोडली. लावायच्या दिवशी मनीचं कपाळ स्पिरिटने पुसलं, गोंदाचा पातळ हात दिला, तो चिकट होईपर्यंत फुंकर घातली आणि मला बसवून वरून कापडी पट्टी घट्ट बांधली. पट्टी सुटल्यावर तिने आपल्या फोनवर मनीचा फोटो काढून जुन्या फोटोशेजारी धरला. दोन्ही अगदी एक. मनी आरशात बघून मात्र जरा घुटमळली. कुठेतरी निराळं वाटतंय, म्हणाली. इतक्या वर्षांनी केस आले की आपलंच तोंड परकं वाटतं, सवय होईल, असं म्हणून चिमटाताईने तिची समजूत काढली.

चूक तिथेच झाली होती. आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही तरी मनीच्या म्हाताऱ्या आईवर शंका घेणार नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढला की तो पुष्कळदा आरशासारखा उलटा येतो. मनीचा जुना फोटो तसाच होता. तिचा भोवरा होता डाव्या बाजूला. माझ्यात तो बसला उजवीकडे, कायमचा.

मनीला घाई होती, कारण दादाचा फोन आला होता. आई हल्ली विसरते. दूध गॅसवर ठेवून झोपून गेली. एकदा भाजीला गेली ती शेजारच्यांनी घरी आणून सोडली. वृद्धांच्या एका केंद्रात तिला ठेवावं असं दादाच्या मनात होतं आणि त्याआधी डॉक्टरांना दाखवायचं होतं. आईला जायचं नव्हतं. खिडकीतली आपली शिलाई मशीन आणि आपली कॉट सोडून तिला कुठेही जायचं नव्हतं. मनीने मनाशी ठरवलं होतं की आपण आईच्या बाजूने उभं राहायचं. वेळ पडली तर आईला आपल्याकडे आणायचं. आणि त्यासाठी स्कार्फ न बांधता, ताठ मानेने जायचं. मलाही तेव्हा फार अभिमान वाटला होता.

दार आईनेच उघडलं. लहानखुरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिने लेकीला डोळे भरून पाहिलं, अंगठा जिभेला लावला आणि सरळ मनीच्या कपाळाच्या डाव्या बाजूला टेकवला. तिथे दाबण्यासारखं काही नव्हतं. अंगठा दोनदा फिरला आणि थांबला. मग तिचे डोळे उजवीकडे वळले.

"मने, तुझा भोवरा इकडे कधी आला गं?"

मनी हसली, आई तिथेच तर होता की, असं म्हणाली आणि बॅग उचलून आत गेली. दादाने वहिनीकडे पाहिलं. ते पाहणं मी माझ्या जागेवरून स्वच्छ पाहिलं.

वहिनी वाईट नव्हती हो. सासूचं दुखणं-खुपणं तीच काढत होती आणि दमली होती. पण त्या दिवसापासून तिच्या बोलण्यात तो भोवरा आला. कालपर्यंत वस्तू विसरायच्या, आता पोटच्या मुलीचा चेहराही विसरायला लागल्या, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. दादाला आठवत असेल असं वाटलं होतं, पण बहिणीच्या कपाळाकडे त्याने जन्मात कधी नीट पाहिलं असेल तर शपथ. समोर जे दिसत होतं त्यालाच त्याने मान डोलावली. आई मात्र जेवताना, कपडे वाळत घालताना मनीकडे टक लावून बघायची आणि पुटपुटायची, सरकलाय, सरकलाय.

डॉक्टरांकडे आईने उत्तरं बरी दिली. वार सांगितला, घरचा पत्ता सांगितला, नवऱ्याला जाऊन किती काळ झाला तेही सांगितलं. मनीच्या खांद्यावरचा ताण जरा उतरला तो मला जाणवला. निघता निघता आईच थांबली. "डॉक्टर, एक विचारू? माणसाचा भोवरा सरकतो का हो? हिचा डावीकडे होता."

डॉक्टरांनी मनीकडे पाहिलं. दादाने पाहिलं, वहिनीने पाहिलं. मनीच्या कपाळावर, माझ्या जाळीखाली, घाम साचायला लागला. भोवरा कुठल्या बाजूला होता याबद्दल तिचीही फसगत झाली होती, ते खरं. पण हे केस आपले नाहीत, आईच्या अंगठ्याला काहीतरी खोटं लागलंय, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढं बोलली असती तरी पुरलं असतं. मला वाचा असती तर मीच बोलले असते. गोंद सोडून मी खाली पडले असते तरी चाललं असतं, पण चिमटाताईचं काम पक्कं होतं.

"इथेच होता, आई," मनी म्हणाली. "तू विसरतेस."

 आई पदराने चष्मा पुसत म्हणाली, "माझंच चुकत असेल."

त्यानंतर त्या बाईचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. मीठ घातलंय ते दिसत असूनही ती सुनेला विचारायची, मी घातलं का गं? स्वतःच्या चपलेत पाय घालताना, ही माझीच ना? ज्या मशीनवर तिने आयुष्य काढलं तिच्या सुईत दोरा ओवायचा राहिला, कारण दोरा कुठून जातो ते बरोबर आठवतंय की नाही याची तिला खात्री वाटेना. केंद्रात जायला ती शेवटी नाही म्हणालीच नाही. तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणून गाडीत बसली. मनीने तिच्या बाजूने एक शब्दही काढला नाही. काढायला तोंडच उरलं नव्हतं.

पुढचं चष्म्याच्या दुकानात घडलं. एक आजोबा फ्रेम निवडत होते. आरशात त्यांना नीट दिसेना, म्हणून मनीने शेजारी उभं राहून आपल्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने दोघांचा फोटो काढून त्यांना दाखवला. ते म्हणाले, बाई, माझा तीळ या गालावर नाही. मनी हसून सांगायला लागली की आजोबा, या कॅमेऱ्यात उलटं येतं, डावं ते उजवं दिसतं. हे ती रोज कुणाला ना कुणाला सांगायची. त्या दिवशी बोलता बोलता तिचा हात कपाळाकडे गेला आणि शब्द तोंडातच राहिला. फ्रेम कुणाच्या हातात दिली, पर्स कुठे ठेवली, तिला काही सुधरेना. तशीच निघाली आणि केंद्राकडे जाणारी बस पकडली.

केंद्रातल्या त्या खोलीत दोन कॉट होत्या. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मनीने दार लोटलं, तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि कानशिलापासून मला खेचायला लागली. गोंद सोडवायचं औषध आणलं नव्हतं, धीरही नव्हता. मी फाटले, तिची कातडी लाल झाली, पण ती थांबली नाही. सबंध मी मागच्या टोपीसकट तिच्या मांडीवर येऊन पडले.

"आई, बघ. हे केस माझे नाहीत. माझे कधीच गेले. तुझं बरोबर होतं. भोवरा डावीकडेच होता. मी खोटं बोलले."

आईने लेकीचं बोडकं डोकं पाहिलं. ती घाबरली नाही, रडलीही नाही. वाकून तिने मला उचललं, झटकलं आणि एखाद्या लहान मुलीला टोपी घालावी तसं परत मनीच्या डोक्यावर ठेवलं. वेडीवाकडी बसले होते मी. तिने अंगठा जिभेला लावला आणि उजव्या बाजूचा खोटा भोवरा हलकेच दाबला.

"नाही गं. इकडेच होता. तूच नव्हतं का सांगितलंस? मी विसरते हल्ली." आणि मग, "जेवलीस का?"

मनी हुंदके देऊन रडली. आई तिला थोपटत राहिली, कशासाठी ते तिला कळत नव्हतं.

आता मी फाटकी आहे. कानशिलापाशी चिमटाताईने सांधलंय, पण सांधा दिसतो. डाव्या भोवऱ्याची नवी जाळी करून देते म्हणून ती मागे लागली होती, मनीने ऐकलं नाही. दुकानात ती आता बोडक्या डोक्यानेच जाते. गिऱ्हाइकं पहिल्यांदा चपापतात, मग आपल्या फ्रेमीत गुंततात. मी कपाटात एका थर्माकोलच्या डोक्यावर असते. आईला भेटायला जायच्या दिवशी मात्र मनी मला बाहेर काढते, कारण आता आई तिला ओळखते ती उजवीकडच्या भोवऱ्यावरून. तो नसला की ती परकी नजर करून विचारते, आपण कोण?

माझी एकच विनवणी आहे. आम्हाला खुशाल लावा, छान दिसा, कुणाला सांगायचं नसेल तर सांगूही नका. पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाने तुमच्या कपाळावर बोट ठेवून, इथे काहीतरी चुकलंय असं म्हटलं, तर आधी आरशात बघा. त्याच्या डोक्यात बिघाड झालाय हे ठरवायला नंतर पुष्कळ वेळ असतो.

परवाही आम्ही जाऊन आलो. आईने अंगठा जिभेला लावला, उजवीकडे दाबलं आणि जरा भीत भीतच विचारलं, "इथेच होता ना गं?"

"हो, आई," मनी म्हणाली. "इथेच."