गाडीत दम नव्हता

"अजून खाली. बोटभर. थांब, थांब!"

धाकट्यानं चेनपुलीची साखळी घट्ट धरली. पत्र्याच्या शेडमध्ये तुळईला लटकलेलं इंजिन जरा गिरकी घेऊन स्थिर झालं. ताईनं गाडीच्या उघड्या तोंडात कमरेपर्यंत वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा. दोघांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून मध्ये बसवायची जाड लोखंडी प्लेट तिनं कारखान्यातल्या आपल्या लेथवर स्वतः कातली होती. भोकं बरोबर समोरासमोर आली होती.

"बसतंय," ती म्हणाली. "सोड हळूहळू."

धाकट्यानं साखळी सोडली नाही.

"डावीकडे टेकतंय बघ."

"कुठं टेकतंय?"

"टेकतंय गं ताई. प्लेट लेथवर अजून थोडी कातून आण."

ती तशीच वाकून राहिली. डावीकडे बोट फिरेल एवढी चांगली जागा होती. मग ती सरळ झाली, चिंधीला हात पुसले आणि "बरं" म्हणाली. प्लेट तिच्या पिशवीतून कारखान्यात गेली, दिवसभर लेथच्या बाजूला पडून राहिली आणि संध्याकाळी होती तशीच घरी आली.

"आता बघ."

"आता कसं," धाकटा म्हणाला. "आता बरोबर आहे."

ताईनं पाना उचलला.

गाडी जुनी होती, रंग उडालेली, चौघं बसले की कुरकुरणारी. इंजिन मात्र त्यानं टर्बोचं आणलं होतं. बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चक्री फिरवायची आणि तिच्याकरवी इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, म्हणजे लहान इंजिनही मोठ्यासारखं ओढतं. नव्याचा विचारही त्याच्या आवाक्यात नव्हता. मागून ठोकलेल्या एका गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडे शाबूत पडलं होतं. तेच त्यानं वायरिंगसकट उचललं. रेडिएटर तिसऱ्याच गाडीचा, रबरी पाइप एका ट्रकचे. बाकी जे मिळेना ते ताईनं घडवायचं, असं न बोलताच ठरलं होतं. तो स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांना वर-खाली नेणाऱ्या दोरांना वंगण घालून संध्याकाळी तो शेडमध्ये यायचा.

ताईच्या नवऱ्याचं शिंपीकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. कधीमधी तो गळ्यात टेप तसाच ठेवून मागे यायचा.

"मेहुणे, एक सांगू का? गाडीला इंजिन बदलण्यापेक्षा या इंजिनालाच एखादी गाडी बदलून द्या."

धाकटा हसायचा. त्याच्या हसण्यात आवाज नसायचा. नुसते ओठ हलायचे. नवरा मग ताईकडे बघायचा आणि टेपशी चाळा करत परत दुकानात जायचा.

धाकट्याची बायको आणि मुलगी वर, डोंगरातल्या गावात राहत होत्या, बायकोच्या माहेरी. बायको रागावून गेली नव्हती. थकून गेली होती. अपघातानंतर तो घरात बोलेनासा झाला होता. जेवायला बसायचा तेही दिवा न लावता. मुलीचं ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, ती पाय ओढत चालायला लागली, आणि ती एका खोलीतून दुसरीत जाऊ लागली की तो उठून बाहेर जायचा. शेवटी बायको म्हणाली, "मी हिला घेऊन थोडे दिवस आईकडे जाते. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये." थोड्या दिवसांचं वर्ष झालं, वर आणखीही काही महिने गेले.

"जात का नाहीस?" ताईनं विचारलं होतं.

"ही गाडी तो चढ चढत नाही."

"बसनं जा."

"बसनं काय जायचं," तो म्हणाला होता. आणि मग, "त्या दिवशीसुद्धा गाडीत दम नव्हता ताई. ट्रकच्या बाजूनं काढली, वाटलं निघेल. निघालीच नाही. समोरून बस आली. इंजिनानं साथ दिली असती ना, तर अर्ध्या क्षणात पुढे गेलो असतो."

ब्रेक दाबून गाडी त्यानं ट्रकच्या मागून डावीकडच्या कातळावर घातली होती. डावीकडे मुलगी बसली होती.

त्यानंतर ताईनं बसचं नाव काढलं नाही. गाडीला दम हवा असेल तर दम देऊ, असं तिनं मनाशी ठरवलं. पण इंजिन बसलं तरी काम संपेना. जरा आटोपल्यासारखं झालं की धाकटा काहीतरी खोलून ठेवायचा. कधी इंजिनाखालचे फाउंडेशनचे रबर त्याला पटायचे नाहीत. कधी पाइपातून हवा निसटतेय म्हणून सगळे पाइप उतरवून तो जमिनीवर रांगेत मांडायचा आणि शेजारी बसून राहायचा. क्लच तर त्यानं तीनदा काढला. ताई समोर उकिडवी बसून पाने पुढे करायची. एकदा त्यानं हातात घेतलेला पाना किती तरी वेळ नुसता धरून ठेवला. बोल्ट कधीच घट्ट झाला होता.

एका आठवड्यात तो उंच इमारतीतल्या लिफ्टच्या कामावर अडकला. ताईनं सुट्टी टाकली, पाइप चढवले, पाणी भरलं, वायरी जोडल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. धाकटा आला तेव्हा शेड झाडलेलं होतं. पाने पेटीत होते. बॉनेट बंद होतं.

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"सगळं झालं?"

"झालं. रविवारी जाऊ. मी येते बरोबर."

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. उघडेल असं तिला वाटलं. त्यानं उघडलं नाही.

रविवारी आभाळ मळकट होतं. शहर मागे पडेपर्यंत दोघं गाडीविषयीच बोलले. क्लच जरा जड आहे, गिअर छान पडतात. चढ सुरू झाला आणि त्यानं पाय दाबला तशी गाडीनं मागून कुणी ढकलल्यासारखी उसळी घेतली. ताईची पाठ सीटला टेकली.

"अरे वा!" ती म्हणाली. "काय ओढतेय!"

"ओढतेय," तो म्हणाला.

वळणं येत गेली. एका ठिकाणी डावीकडे कातळ रस्त्याच्या अगदी अंगावर आला होता. तिथं दगडावर काही खूण नव्हती, पण हीच ती जागा हे ताईला कळलं, कारण धाकट्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली होती. त्यानं तिकडे बघितलं नाही. कातळ मागे गेला.

त्याच्या पुढच्या वळणावर ट्रक लागला. वाळूनं भरलेला, काळा धूर सोडत, चालत्या माणसाच्या वेगानं वर चढणारा. धाकट्यानं गाडी त्याच्या मागे घेतली. काही वेळानं रस्ता सरळ झाला. समोर दूरवर काहीच नव्हतं. ट्रकवाल्यानं खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खुणावलं.

"काढ की," ताई म्हणाली.

"जाऊ या सावकाश. घाई काय आहे?"

काचेवर धूर येत राहिला. ट्रकवाल्यानं आणखी एकदा हात हलवला, मग कंटाळून आत घेतला. गाव येईपर्यंत ते त्या ट्रकच्या मागेच राहिले. ताईनं खिडकीची काच वर केली आणि बाहेर बघत बसली. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. इतके महिने आपण नेमकं काय बसवत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते बाजूला सारलं.

घर रस्त्याच्या वरच्या अंगाला होतं. खालच्या वळणापासून दगडी पायऱ्या वर जात होत्या. त्या वळणावर, एका पडक्या भिंतीच्या आडोशाला, धाकट्यानं गाडी लावली. शोधावी लागली नाही ती जागा. गाडी आपसूक वळल्यासारखी तिथं गेली. तो उतरला आणि त्यानं बॉनेट उघडलं.

"काय झालं?"

"गरम झालीय. तू हो पुढे. मी बघून येतो."

ताईनं उतरता उतरता तापमानाच्या काट्याकडे बघितलं. काटा मध्यावर, जिथं असायला हवा तिथंच होता.

पायऱ्या चढून ती वर गेली. भावजयीनं दार उघडलं. ती वाळली होती. केस मागे घट्ट बांधलेले, हाताला साबणाचा फेस. ताईला बघून ती आधी गोंधळली, मग तिनं ओल्या हातांनीच ताईचे दोन्ही दंड धरले.

"ताई! कळवायचं तरी. कशानं आलात?"

उत्तर द्यायच्या आधी आतल्या खोलीतून पाय ओढल्याचा आवाज आला. धाकट्याची मुलगी, बिट्टी, उंच झाली होती. भिंतीला हात लावत ती आली, आत्याला बघून हसली आणि दारातून तिच्या मागे डोकावली.

"आत्या, तू एकटीच? बसनं?"

"नाही गं. बाबांच्या गाडीनं."

"काहीतरीच! बाबांची गाडी आलेली मला कळते. खालच्या वळणावर गिअर बदलला की घर्र करते. आज नाहीच वाजली." तिचा चेहरा उतरला. "किती दिवसांत नाही वाजली."

ताई भावजयीकडे बघत राहिली. भावजय फेसाचे हात पदराला पुसत होती. पुसून झाले तरी पुसत होती.

"येतो तो," ती हळूच म्हणाली. "यायचा. दर पंधरा-वीस दिवसांनी. खाली भिंतीआड थांबायचा, बॉनेट उघडायचा, तासभर उभा राहायचा आणि जायचा. पहिल्या वेळी मी खाली निघाले होते. हिनंच अडवलं."

"दिसलो तर बाबा येणारच नाहीत," बिट्टी म्हणाली. "म्हणून आम्ही वरूनच. मी त्या मागच्या खिडकीत बसते. तिथून डोकं दिसतं थोडं."

"आणि या चार-पाच महिन्यांत आला नाही," भावजय म्हणाली. "आम्हाला वाटलं, आता तेही सोडलं त्यानं."

दाराशी स्टूल होतं, त्यावर ताई बसली. जुनी गाडी हा चढ चढत होती. दर पंधरा-वीस दिवसांनी चढत होती.

"इंजिन बदललं त्यानं," ती म्हणाली. "आम्ही दोघांनी. म्हणून आवाज वेगळा आहे."

"म्हणजे बाबा आत्ता खाली आहेत?"

ताईनं मान हलवली. बिट्टी वळली आणि भिंत धरत, जमेल तेवढ्या घाईनं, मागच्या खोलीकडे गेली. पाय ओढल्याचा आवाज खिडकीपाशी थांबला.

"मी बोलवू त्याला?" ताईनं विचारलं.

भावजयीनं मागच्या खोलीकडे पाहिलं. "तुम्ही बोलावलंत तर येईलही," ती म्हणाली. "तुमच्या शब्दाखातर येईल, चहा घेईल. पण मग पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही."

चहा दोघींनी उभ्याउभ्याच घेतला. ताई पायऱ्या उतरून खाली आली तेव्हा धाकटा बॉनेटखाली वाकलेला होता. हातात काही नव्हतं. तिची चाहूल लागताच त्यानं एक पाइप चाचपल्यासारखं केलं.

"आहेत?"

"आहेत. बऱ्या आहेत दोघी."

त्यानं मान डोलावली. "मी येणारच होतो. पण ही जरा निवली की..." वाक्य त्यानं अर्धवट सोडलं. "विचारलं का काही?"

"मी सांगितलं, गाडी गरम झालीय."

त्याचे खांदे सैल पडले. ताईनं त्याच्या खांद्यावरून वर बघायचं टाळलं. तिथं बिट्टीची मागची खिडकी होती.

"निघू या?" त्यानं विचारलं.

"निघू. आधी एकदा चालू कर."

त्यानं बॉनेट लावलं आणि आत बसून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

"जरा पाय दाब," ताई म्हणाली.

"कशाला? ठीक वाजतंय."

"दाब रे. ऐकू दे नीट."

त्यानं दाबला. टर्बोची बारीक शिटी उठली, वाढत गेली, आणि त्यानं पाय काढला तशी सुस्कारा टाकून विरली.

"अजून एकदा," ताई म्हणाली.